परकराच्या दुमडीतले खडे

आई, क्लोरीनचा वास आला की मी अजून नाकाला पदर लावते. इतकी वर्षं झाली, तरी चंद्रपूरच्या कॉलनीतला तो पोहण्याचा तलाव नाकातून जात नाही. ओल्या फरशीला चिकटलेले केस, कपडे बदलायच्या खोलीतली कुबट हवा, आणि त्या बाया. त्यांची किळस सगळ्यात जास्त. मी शाळेत शिकवायचे त्या वर्गातल्या मुलींच्या आया होत्या त्या.

हाडांच्या डॉक्टरांनी आपल्या दोघींनाही तेच सांगितलं होतं. वजन फार आहे, छातीभर पाण्यात चाला, तिथे गुडघ्यांवर भार पडत नाही. मी जाड होते, तू माझ्या दुप्पट. घरात तू भिंत धरून चालायचीस. पोहायचा पोशाख वगैरे तुला मान्यच नव्हता. तू आरमोरीकडची, वैनगंगेत न्हालेली. नदीवर बांधायचीस तसा परकर छातीवर बांधून तू शिडी उतरलीस, आणि त्यात हवा शिरून तो भोपळ्यासारखा फुगून वर आला.

"काकू, फुगा आणला का वो?" एक बाई ओरडली. दुसरी म्हणाली, "हळू उतरा, पाणी सांडन सारं, आमच्यासाठी ठेवा थोडं!" त्यांचे ते उघडे, ओले, हसणारे जबडे मला अजून दिसतात. तू मात्र त्यांच्याबरोबर हसलीस. दोन्ही हातांनी परकर दाबत तू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललीस, चेहरा लाल, आणि मला म्हणालीस, "पोरी, इथी मले माहं वजनच लागत नाई!"

तेवढ्यात शेजारच्या बाईनं मला विचारलं, "टीचर, ह्या तुमच्या कोण?" कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या स्वच्छ, शांत आवाजात मी म्हणाले, "ओळखीच्या आहेत."

तू ऐकलंस की नाही, मला कधी कळलं नाही. त्या संध्याकाळी घराची पायरी तू भिंत न धरता चढलीस.

पुढच्या शुक्रवारी, पुन्हा तलावावर जायच्या दिवशी, शाळेतून आले तर तू पिशवी घेऊन दारात बसलेली. परकराच्या खालच्या दुमडीत तू नदीतले खडे शिवून घेतले होतेस, सगळीकडून सारखे. "पाह्य, आता नाई उडत," म्हणत तो माझ्यापुढे हलवून दाखवलास. खडे वाजले.

मी म्हणाले, "आई, बायकांची बॅच बंद झाली."

"काऊन? येत होत्या ना इतक्या."

"झाली बंद."

"बरं," म्हणालीस, आणि कात्री मागितलीस. एकेक टाका उसवून खडे तुळशीच्या कुंडीत टाकलेस. पुढच्या वर्षी तू खाटेवरून उठेनाशी झालीस.

आता माझं वजन तुझ्याएवढं आहे. परवा डॉक्टरांनी पुन्हा पाण्यात चालायला सांगितलं, तेव्हा हे लिहायला बसले. त्या बायांवर मी अजून थुंकते, आई. पण बॅच बंद झाली नव्हती. शाळेत जादा तास आहेत सांगून उन्हाळाभर मी तिथे जात होते, त्याच बायांबरोबर हसत.