रिकाम्या भिंतीवरचा ससा

प्रिय वन्सं,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. अक्षर एवढं ढब्बू का आलंय ते शेवटी कळेल. आधी शेवट वाचायची तुमची खोड मला ठाऊक आहे, ती आजच्या दिवस आवरा.

बालवाडीतलं माझं काम मजेत चाललंय. नाकं पुसायची, चपला जोडीनं लावायच्या, दूध तापवायचं, आणि सावल्यांचा खेळ घ्यायचा. तो बाईंनी माझ्यावरच सोपवलाय. सकाळी अंगणात एकेकाला उभं करून त्याची सावली खडूनं आखते. दुपारी परत तिथंच उभं केलं की सावली आखडलेली! मग रडारड. एकानं तर शेजारच्यावर आळ घेतला, "यानंच माझे पाय खाल्ले." तुमच्या भावाची आठवण झाली हो. चष्मा स्वतःच्या कपाळावर, आणि आळ माझ्यावर!

मग खिडक्या लावून स्टुलावर बॅटरी ठेवायची. पोरं हातांनी भिंतीवर जनावरं करतात, मी ओळखते. एकदाही चुकले नाही, म्हणून माझा भलता दरारा. मंगळवारी आमची बडबडी उभी राहिली. मी म्हटलं, "अगंबाई, केवढे कान सशाचे!" पोरं खो खो हसली. तिनं हात पाठीमागे धरले होते. भिंत रिकामी.

काय आहे वन्सं, भोकाड्याचा नेहमी कुत्रा, जुळ्यांचा पक्षी, बडबडीचा ससा. मी आवाज ऐकायची आणि ठोकून द्यायची. मी म्हटलं, "पळाला बघ लबाड!" पण ती हसली नाही. कानाशी येऊन म्हणाली, "आजी, तुला दिसत नाही ना?" चार वर्षांची पोर! मग तिनं हात बॅटरीच्या अगदी पुढ्यात नेले. ससा भिंतभर झाला. "आता?" तेवढा मात्र दिसला, धुक्यातून आल्यासारखा. तेव्हापासून सगळीच पोरं माझ्यासाठी भिंतभर जनावरं करतात. बाईंना कुणी सांगितलेलं नाही.

पण काल सावली आखता आखता मी भोकाड्याच्या बोटांवरूनच खडू फिरवला. तो खिदळला, मी खडू खाली ठेवला. हातात खडूच्या जागी कढत दुधाचं पातेलं असतं तर?

गेल्या वर्षी तुमचा मोतीबिंदू काढला, तेव्हा काळ्या चष्म्यावरून मी तुम्हाला महिनाभर 'हवालदार' म्हणून छळलं. तुमच्या ऑपरेशनच्याच दिवशी डॉक्टरांनी माझेही डोळे तपासून तसल्याच ऑपरेशनची चिठ्ठी दिली होती. तुम्हाला सांगितलं, डोळे ठणठणीत. चिठ्ठी आहे तांदळाच्या डब्याच्या तळाशी. सुरीची भीती नाही हो मला. तुमच्या भावाला त्याच इस्पितळात आत नेलं, तेव्हा मी बाहेर बाकावर त्यांच्या चपला घेऊन बसले होते. संध्याकाळी नुसत्या चपला घेऊन घरी आले. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू? सोमवारची वेळ घेतलीय. तुम्ही या आणि त्या बाकावर माझ्या चपला घेऊन बसा. मी बाहेर आले की त्या मलाच घालायच्यात, तोवर उठू नका. येताना तुमचा काळा चष्मा आणा. मग हवालदार म्हणा नाहीतर फौजदार, मी हूं की चूं करणार नाही.

तुमचीच,
आगाऊ वहिनी