मलकपेठची भिंत आणि विरोधी बाजूचे शंकरराव

तीर्थरूप सूर्यभानदाजींना मलकपेठहून तातेरावचा जय भीम. कोंडाअक्कालाही सांगावा.

पत्राला फार उशीर झाला, माफी असावी. दोष माझा नाही, राज्यांचा आहे. नांदेड मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही आंध्रात राहिलो. आता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या पत्राला जास्तीचं तिकीट लागतं की काय, या काळजीत बरेच दिवस गेले. शेवटी पोस्टातल्या बाबूला विचारलं. तो म्हणाला, "अरे बुढे बाबा, नांदेड उठके कहाँ गया? वहींच है." तेव्हा जिवात जीव आला. अक्काचे गुडघे कसे आहेत? आपली तपकीर कमी झाली का? (मागच्या खेपेला आपण शिंकलात तेव्हा शेजारच्या चतुराबाईच्या फळीवरची भांडी पडली होती. ती अजून बोलून दाखवते.) आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. फक्त आमचं घर जाणार आहे.

घर म्हणजे तीच बलदियाच्या (आता म्युनिसिपालिटी म्हणायचं म्हणे) बारा खोल्यांमधली आमची खोली, शर्यतीच्या मैदानामागची. भाड्यानं देताना "तुम्ही कोण?" असं कोणी विचारलं नाही, अशी आमच्या जन्मातली ही पहिलीच जागा. म्हणून आमच्या कारभारणीचा, भागूबाईचा, तिच्यावर फार जीव. पावसाळ्यात छपराचं एक कवेलू फुटलं आणि पाणी नेमकं चुलीत पडायला लागलं. भागूबाई म्हणाली, वर चढा आणि बदला. पण मला उंचीची भीती वाटते, आणि बलदियाच्या कवेलूला हात लावला तर गुन्हा होतो की काय, ही दुसरी भीती. म्हणून मी शंकररावांकडे गेलो. इथंच सगळं बिघडलं.

शंकरराव आपल्याच वस्तीतला शिकलेला मुलगा. बलदियात विरोधी पक्षातर्फे घरं आणि बलदियाचा कारभार या दोन विषयांवर तोच बोलतो. (प्रवक्ता म्हणतात त्याला. पगार नसतो, पण उपरणं रोज धुतलेलं लागतं.) मी विचारलं, बोलता ते ठीक, पण करता काय? तो म्हणाला, "मामा, करायचं ते सरकारी बाजूनं. त्यांनी केलं तर का केलं, नाही केलं तर का नाही केलं, हे विचारणारा मी." घरी आला, दोन वेळा चहा प्याला, कवेलू बघितलं आणि उदास झाला. एका कवेलूवर भाषण होत नाही म्हणे. मग त्यानं पश्चिमेच्या भिंतीवर बोटानं ठोकलं. गिलाव्याचा एक पोपडा पडला, आणि शंकररावांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं आता कवेलू मिळालंच.

बलदियाच्या बैठकीला त्यानं मला आणि भागूबाईला मागच्या बाकावर नेऊन बसवलं. मग उठून म्हणाला, ही भिंत नुसत्या शिंकेनं पडेल, बारा घरं मरणाच्या जबड्यात झोपतात, विश्वास नसेल तर त्या म्हाताऱ्याचे डोळे बघा. सगळे माझ्याकडे वळले. मला त्या दिवशी पडसं होतं, डोळ्यांतून पाणी येतच होतं. मी उपरणं डोळ्यांना लावलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. भागूबाईनं चिमटा काढला, "सोताचं घर पडतंय म्हणतेत आन् टाळ्या कशाच्या वाजवताव?"

मग सरकारी बाजूचे लक्ष्मणराव उठले. रिवाज असा, की त्यांनी भिंत मजबूत आहे म्हणावं आणि शंकररावांनी पुन्हा उसळावं. उसळण्याचा कागद त्याच्या खिशात तयार होता. पण लक्ष्मणरावांनी हात जोडले आणि म्हणाले, "शंकररावांचं म्हणणं आम्हाला संपूर्ण मान्य आहे. अशा घरांत माणसं ठेवणं पाप. रिकामी करू आणि पाडून टाकू." (राजधानी कर्नूलहून इथं हलली, तिथून नव्या सरकारचे कारकून आलेत, त्यांना राहायला जागा नाही. मोकळी जमीन कोणाला नको असते?) आणि आम्ही कुठं जायचं? तर ते पुढं बघू. दाजी, शंकररावांकडे बघवेना. त्याचं म्हणणं आजवर कोणी मान्यच केलं नव्हतं. बसावं की उभं राहावं, हेही त्याला सुचेना.

तेव्हापासून शेजारपाजार बोलत नाही. एक चतुराबाई बोलते, ती न बोलली तर बरं. "काय तातेमामा, एका कवेलूपायी बारा घरांचं छप्पर घालवलंव! रडूनच मागायचं होतं तर काही चांगलं मागायचं." भागूबाई जेवायला वाढते, पण ताट आपटून. मला झोप नाही. चांगलं बोलता येणाऱ्या माणसाकडे आपलं गाऱ्हाणं नेऊ नये, ते त्याच्या तोंडात वाढतं, एवढं मला आता कळलं.

शंकरराव चिक्कडपल्लीच्या एका चहाच्या हॉटेलात सापडला. पुन्हा खुशीत होता. म्हणाला, "घाबरू नका मामा, आता आम्ही पाडायला विरोध करणार." मी म्हटलं, बाबा, पडेल असं तूच म्हणालास ना? तो म्हणाला, "तेव्हा ते ठेवत होते, आता पाडतायत. मी आहे तिथंच आहे मामा, फिरले ते." यात काहीतरी चुकतंय, पण काय ते मला अजून सापडलेलं नाही. आपल्याला सापडलं तर कळवावं.

असो. पुढच्या गुरुवारी नातीचं बारसं करायचं योजलं आहे. आपण अक्काला, दोन्ही भावांना, त्यांच्या लेकरांना आणि हिम्मतराव पैलवानांना घेऊन अगत्य यावं. आहेर नको, माणसं हवीत. जितकी आणाल तितकी.

आपला,
तातेराव

ता. क. – नातीचं बारसं उन्हाळ्यातच झालं, हे अक्काला आठवत असेल, पाळणा तिनंच म्हटला होता. पुन्हा करू. नाव तेच ठेवू. खरी गोष्ट अशी, की गुरुवारी इंजिनियर साहेब खोली तपासायला येणार आहेत. शंकरराव म्हणतो, जिथं चाळीस माणसं पंगतीला बसलेली दिसतात ते घर मोडकं, असं कोणता इंजिनियर लिहील? शेजारचे येणार नाहीत, म्हणून आपल्याला त्रास.

आणखी ता. क. – सगळ्यांनी चुलीच्या बाजूला बसावं. पश्चिमेच्या भिंतीला कोणी टेकू नये, पैलवानांनी तर मुळीच नाही. हात लावला की ती जराशी हलते. हे मी शंकररावांनाही सांगितलेलं नाही.

शेवटचं – तपकिरीची डबी नांदेडलाच ठेवून यावी. तेवढं जमणार नसेल, तर आपण बाहेर ओट्यावर बसावं, ताट तिथं आणून देऊ. येता की नाही ते लवकर कळवा, डोळे पोस्टमनकडे लागलेत. जास्तीचं तिकीट लागत नाही, मी विचारून ठेवलं आहे.