यांचा आवाज मध्येच तुटतो

१२ एप्रिल २००४

...नळ गेला तेव्हा पिंप अर्धंच भरलं होतं. बांगडे साफ करून मीठ-हळद लावून ठेवले. कणीक मळली. मग मोरीत भांडी घासायला बसले. बाहेर सुनेत्रा बापापुढं माईक धरून बसलेली – "बाबा, संपाचं सांगा ना. सगळं सांगा." हे बोलत होते. मी ऐकलं नाही. मला वाटलं, त्यात काय नवीन! मी आपली गप्प घासत होते. काम करताना मी गप्पच असते.

त्या सकाळचं आता एवढंच आठवतं. दिवाळीनंतर हे गेले. सुनेत्रा लग्न होऊन नाशिकला. तिचा कॉम्प्युटर इथंच राहिला आणि त्यात यांचा आवाज.

आज परत लावला. भोंगा झाला, पण आत कुणीच गेलं नाही, सगळे गेटवर नुसते उभे – इथवर आले. खोकले. आणि फट्! पडदा निळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं.

१३ एप्रिल

आज खोकल्याच्याही आधी बंद.

१६ एप्रिल

आज पुष्कळ पुढं गेलं. "...मग नाक्यापर्यंत चालत आलो. घरी आलो तेव्हा ही –" निळा पडदा!

ही म्हणजे मी. बावीस वर्षं झाली. संपाच्या त्या पहिल्या दिवशी मी काय केलं? रडले? भांडले? काही म्हणजे काही आठवत नाही. हे माझ्याबद्दल कधी चार शब्द बोलले नाहीत. सगळा जन्म मिलच्या साचेखात्यात गेला, मागांच्या खडखडाटात. कान गेलेले. मी काही म्हटलं की "हं?" एवढंच. आणि माईकपुढं माझ्याबद्दल काहीतरी बोलून गेलेत.

ते मला ऐकायचंय. बस.

१९ एप्रिल

शेजारच्या मालनच्या फोनवरून सुनेत्राशी बोलले. "आई, पुढं सरकव ना ते!" सरकवलं की लगेच बंद पडतं. "मग फ्लॉपीवर घे." मावत नाही. "मग राहू दे, तू इकडे ये राहायला. किती दिवस अशी बसणार?"

कशी जाऊ? परत येईपर्यंत ते पुरतं मेलं तर? दार सताड उघडं असतं, चाळीत येणंजाणं चालू असतं, आणि मी या टेबलाला बांधल्यासारखी. मालन जाता जाता म्हणाली, "काय गो, त्या खोक्यासमोर बसान बसान तुझोच खोको होतलो!"

हसले. पण उठले नाही.

२२ एप्रिल

नायगावचा धर्मा आला. त्याचा बाप यांच्याच खात्यात होता. मिल गेल्यावर पोरगा कॉम्प्युटर दुरुस्ती शिकला, आता चाळीशीला आला. मशीनकडे बघून म्हणाला, "काकी, विंडोज गेलीय. फॉरमॅट मारतो, एकदम मक्खन चालेल."

"आणि आवाज?"

"तो उडणार."

म्हटलं, ठेव तो स्क्रू-ड्रायव्हर खाली. "नुसतं उघडून पण बघू नको?" नको! चहा प्याला. दारातून म्हणाला, "काकी, मशीन सोडा, तुम्हीच हँग झालाय."

खरंच आहे. दुरुस्त करायला दिला तर आवाज जाणार. नाही दिला तरी तो मिळत नाही.

२४ एप्रिल

पोळ्या लाटताना एकदम सुचलं. हे सांगायचे, साचेखात्यात हवा सुकली की धागा पटापट तुटतो. म्हणून तिथं खिडक्या कायम बंद आणि वरून पाण्याचा फवारा. इथं दिवसभर पंखा फिरतो, हवा सुकणारच! हा आवाज म्हणजे तरी काय, धागाच. जुन्या लुगड्याचं फडकं भिजवून, पिळून, खोक्याच्या पाठीवर टाकलं.

जरा जास्त वेळ चाललं! पुन्हा "ही –" पर्यंत आलं.

२५ एप्रिल

फडकं जास्त ओलं केलं.

२८ एप्रिल

सुरूच होत नाही. निळा पडदासुद्धा नाही. नुसतं पीं पीं करतं. मी काय करून बसले!

३ मे

आज स्वतः जाऊन धर्माला घेऊन आले. म्हटलं, उघड.

आत मी शिवते त्या गोधड्यांचा सगळा तूस, बारीक बारीक धागे. मशीनचा पंखा त्यात गच्च अडकलेला. आणि मागच्या बाजूला हिरवं हिरवं चढलेलं. "काकी, याला आंघोळ घातली की काय?" फडक्याचं सांगितलं. खो-खो हसला. मग हसायचा थांबला.

"आमचे बाबा रेडिओवर टाकायचे ओलं फडकं. खरखर वाढली की आणखी भिजवायचे. तुम्ही मिलवाले सगळे सेम!"

पंखा तुंबून मशीन तापायचं, म्हणून बंद पडायचं, असं त्याचं म्हणणं. त्यात मी फडक्यानं मागचा वाराही अडवला. त्यानं ब्रशनं तूस काढला. एक पट्टी बाहेर काढून खोडरबरनं घासली, शाळेतल्या मुलासारखी, जीभ बाहेर काढून. "परवापर्यंत उघडंच राहू दे. वाळलं तर वाळलं. आणि काकी, हात लावायचा नाही!"

४ मे

हात लावला नाही.

५ मे

लागलं! धर्माला म्हटलं, बाबा, तू जरा बाहेर गॅलरीत उभा राहा.

भोंगा झाला. खोकले. नाका आला.

"घरी आलो तेव्हा ही मोरीत भांडी घासत होती. गुणगुणत. तिच्या आईच्या ओव्या. रोजच गुणगुणायची. तिला वाटायचं, साच्यांनी याचे कान खाल्ले, याला काय ऐकू येतंय! तेवढं यायचं मला. त्या दिवशी दारात मला बघितलं आणि गप्प झाली. ती झालीच. परत नाही गुणगुणली. मिल गेली ती गेली, सुनेत्रा. याचं वाईट वाटतं."

पुढं कुणी बोलत नाही. मागं भांड्यांचा आवाज येत राहतो. नुसता भांड्यांचा.

ती मी.

६ मे

सकाळी पाणी भरलं. भांडी घासायला बसले. पहिली ओवी आठवेना. दुसरीपासून सुरू केली. मोठ्यानं.