साहेबाच्या वंशावळीतलं बाळ

आई, माझ्याआधी तुला एक मुलगा झाला होता, हे मला गेल्या मंगळवारी कळलं. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, मी स्वतः साठीला टेकले, आणि आता कळलं. हायस्कूलचे मास्तर ओट्यावर बसून इंग्रजी पत्र वाचून मला मराठीत सांगत होते. मध्येच ते थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "मावशी, जरा पानी घेता का?" मी म्हटलं, "पानी हिरीत न्हाई मास्तर, तर माठात कुठून येनार? तुमी वाचा." तेव्हा ते हसले नाहीत. त्यावरूनच मला समजायला हवं होतं.

सुरुवातीपासून सांगते. मागच्या वर्षी आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे स्कॉटलंडहून पत्र आलं. पाटाच्या कामावरचा तो साहेब, ज्याच्या राहुरीजवळच्या बंगल्यावर तू आया होतीस, त्याची नात घराण्याची वंशावळ जमवते आहे. कोण कुठे जन्मलं, कोणाचं लग्न कोणाशी झालं, कोण कुठल्या मुलखात पुरलं गेलं, हे ती देशोदेशी पत्रं टाकून विचारते आणि जमलेलं छापून सगळ्या भाऊबंदांना वाटते. तिचे वडील म्हणजे तू सांभाळलेलं साहेबाचं बाळ. बंगल्यामागच्या कबरस्तानात आमचं कोणी आहे का, एवढंच तिने विचारलं होतं. पाळकसाहेबांनी पत्र माझ्याकडे धाडलं. त्या बंगल्याची माहिती असलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

मला त्या बाईचं नवल वाटलं. आपल्या गावात पाटलाच्या दारी भाट यायचा, बाड उघडून आजा, पणजा, खापरपणजा असे घडाघडा म्हणून दाखवायचा. आपण लांब उभं राहून ऐकायचो. आपल्या दारात तो कधी थांबला नाही. तेव्हा मनात आलं, साता समुद्रापलीकडच्यांना आपल्याकडून काही हवंय, तर देऊ. कबरस्तानात गेले. साहेबाच्या धाकट्या भावाची मोठी कबर आहे, तापाने गेलेल्याची. मला मराठी वाचता येतं तेही दुकानच्या पुड्यांचे कागद आणि पवित्र शास्त्र लावून लावून शिकलेलं, इंग्रजी कुठलं येणार? मी दगडावर कागद धरला आणि वरून कोळसा घासला, अक्षरं आपोआप उतरली. शेजारच्या लहान दगडावर नाव नव्हतं. फक्त क्रूस आणि खाली साल. मी मास्तरांना सांगितलं, "लिहा, हे सायबाचं बाळ. माझ्या आयनं सांगितलंय."

चारेक महिन्यांनी वंशावळ आली. मास्तरांनी जमिनीवर पसरली तर सतरंजीएवढा कागद. वरून रेघा खाली येत होत्या आणि एका रेघेच्या टोकाला नवा चौकोन होता. त्यात लिहिलं होतं, बाळ, हिंदुस्थानात पुरलेलं. तिच्या कोण्या म्हाताऱ्या आत्याने त्या बाळासाठी चर्चमध्ये प्रार्थना करवली, असंही पत्रात होतं. मास्तर म्हणाले, "मावशी, तुमी तर सायबाच्या घरान्याच्या भाट झाला की." मी हसले. कागद घडी करून ट्रंकेत लुगड्याखाली ठेवला. आलं-गेलं की काढून दाखवायची. खोटं कशाला बोलू, मला मिरवावंसं वाटलं.

तोच कागद नातेवाइकांत फिरला म्हणून हे सगळं निघालं. त्यांच्यातल्या कोणीतरी मडमेची जुनी वही शोधून काढली आणि नातीने त्यातला मजकूर उतरवून मला पाठवला. मडमेचं एकही मूल हिंदुस्थानात गेलेलं नाही. वहीत लिहिलंय, माझं दूध बाळाला पुरत नाही, आयाला सात महिन्यांचा मुलगा आहे, ती आता माझ्या बाळाला पाजते. दोघांना दूध पुरणार नाही म्हणून तिच्या मुलाला शेळीच्या दुधावर ठेवून आजीकडे पाठवायला सांगितलं. पुढे काही पानांनंतर लिहिलंय, आयाचा मुलगा आज सकाळी गेला. तिने कबरस्तानातल्या आमच्या कोपऱ्यात जागा मागितली, ती दिली. दुपारी ती कामावर आली. बाळ नेहमीसारखं प्यालं.

"नेहमीसारखं?" मी विचारलं. मास्तरांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तसंच लिव्हलंय, मावशी."

आई, त्यानंतर मी चूल पेटवायला उठले आणि चुलीपुढे तशीच बसून राहिले. मला सारखं एकच दिसत होतं. मी पहिलटकरीण आहे, तुझ्याकडे बाळंतपणाला आलेली. तापाने माझं दूध आटलंय, पोरगं रडून रडून निळं पडलंय. शेजारीण शेळीच्या दुधाचा तांब्या घेऊन आलीय. तू चुलीपाशी भाकरी थापतेस, पिठाच्या हाताने उठतेस, तिच्या हातातून तांब्या घेतेस आणि दारातून उकिरड्यावर ओततेस. ती बाई म्हणते, "अगं बया, येवढं चांगलं दूध!" तू म्हणतेस, "माज्या घरात शेरडाचं दूध यायचं न्हाई. पुन्ना आनलंस तर तांब्यासकट फेकीन." मग तू कडेवर नातवाला घेऊन दारोदार फिरलीस, कोण ओली बाळंतीण आहे ते विचारत. नातू वाचला, आता पुण्याला कारखान्यात आहे. पण त्या दिवशी मी तुला काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, सायबाच्या घरात राहून तुला फार माज आलाय, शेळीच्या दुधानं पन बाटतीस व्हय तू? भाकरी करपली होती, ती तू स्वतःच्या ताटात घेतलीस.

आणि तो चुना. ईस्टरच्या, पुनरुत्थानाच्या रविवारच्या आदल्या दिवशी आपण कबरींना चुना लावायला जायचो. मी आठ-नऊ वर्षांची. साहेब कधीच बदली होऊन गेलेला, बंगल्यात दुसरेच लोक, तरी तू आधी त्या लहान दगडापाशी जायचीस. बोटाने क्रूसाच्या खाचेतली माती काढायचीस, मग चुन्याचा एक हात, तो वाळला की दुसरा. आपल्या आजीच्या कबरीला एकच हात. मी उन्हात बादली धरून उभी. मी म्हटलं, "सायबाच्या पोराचा येवढा पुळका, आनि तुजी पोर हितं भाजतीय." तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, "त्याला तरी कोन हाय हितं?"

कोण होतं ते तू मला सांगायचं होतंस. मला राग येतो, आई, आणि कोणावर धरावा ते कळत नाही. तू साहेबाचं बाळ म्हणत राहिलीस. लाजेने म्हणालीस, की तसं म्हटलं तरच त्या दगडाला कोणी हात लावणार नाही म्हणून, हे आता मला कोण सांगणार?

साहेबाच्या नातीने पत्राच्या शेवटी विचारलंय की आमच्या वंशावळीतून तो चौकोन खोडू का? माझे वडील अजून आहेत, त्यांना सांगू की नको? तुम्ही म्हणाल तसं करीन. बाई सरळ मनाची दिसते. मी पाळकसाहेबांकडे जाऊन मंडळीची जुनी नोंदवही पाहिली. त्यात तो नाही. तेव्हा पाळक फेरीवर वर्षातून दोनदा यायचे, त्याच्या बाप्तिस्म्याआधीच सगळं उरकलं असणार. म्हणजे या जगात त्याची नोंद एकाच कागदावर आहे, आणि तो कागद त्यांचा आहे. तिथून खोडलं की तो कुठेच नाही. राहू दिलं तर तुझं दूध तिकडे गेलं तसा तोही तिकडचाच.

दोन दिवस मी मास्तरांना उद्या या, उद्या या असं करत राहिले. तिसऱ्या दिवशी शास्त्र उघडलं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर बाने आपल्या घरचे जन्म-मृत्यू लिहायला सुरुवात केली होती. माझं नाव पानाच्या अगदी वर नाही, वर चार बोटं जागा सोडलेली आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, बाला लिहिण्याचा अंदाज नव्हता.

मास्तर आले तेव्हा मी सांगितलं, "खोडा म्हनावं. त्यो आमचा हाय."

"आनि तिच्या वडलांना?"

"त्यांना सांगा. दूध प्यालेत, आता येवढं ऐकू द्या."

मास्तरांनी लिहून घेतलं. ते गेल्यावर मी त्या चार बोटांच्या जागेत लिहिलं. त्याचं नाव तू काय ठेवलं होतंस ते मडमेने लिहिलेलं नाही, म्हणून "थोरला" एवढंच लिहिलं, आणि दगडावरचं साल. हे पत्रही त्याच पानात ठेवते आहे, दुसरीकडे कुठे टाकणार.

एक राहिलं. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा म्हणाली होतीस, "त्या ल्हान्याला इसरू नको." मी हो म्हटलं होतं. दरवर्षी मी बादली घेऊन जाते. तुझ्या कबरीला लावते, बाच्या, आणि हे गेल्यापासून यांच्याही. त्या लहान दगडाला बावीस वर्षांत मी एकदाही चुना लावला नाही. बादलीत उरायचा, आई. उरलेला मी घरी आणून चुलीमागच्या भिंतीला मारायचे.