सुकेळीवरचा अंगठा

आय, आपली सुकेळी आता विमानाने परदेशी जातात. खोटं नाही सांगत! तू ती टोपलीत घालून बाजारात बसायचीस आणि कोणी घासाघीस केली की म्हणायचीस, "आधी खाऊन बघ, मग तोंड उघड." आता खाणारा कोण, चहाबरोबर खातो की जेवणावर, कुठल्या भाषेत गोड म्हणतो, काही कळत नाही. मला मात्र त्याला एकदा विचारावंसं वाटतं.

तुझ्या अंगणात मांडवावर सुकेळीसाठी केळी वाळायची आणि आळीतल्या सगळ्या बाया ती सुक्या पानांत गुंडाळायला बसायच्या. गुंडाळण्याआधी तू प्रत्येक केळं अंगठ्याने दाबून आतली ओल बघायचीस. पान सोडल्यावर अंगठ्याची ती खळगी दिसली की गिऱ्हाईक ओळखायचं, हा माल तुझा. बायांची भांडणं तिथेच लागायची, तिथेच मिटायची. काकू तुझ्याशी वर्षभर अबोला धरून होती. एके दिवशी म्हणाली, "ते पान सरकव गं इकडे," आणि झालं, दोघी पुन्हा बडबडायला लागल्या.

आता आम्ही वालीवच्या कारखान्यात, शेडमध्ये उभ्याने काम करतो. डोक्यावर टोपी, हातात मोजे, तोंडावर मास्क, बोलायची बंदी. पगार माझ्या खात्यात येतो, त्याचं सुख आहेच, तुला कुठे मिळालं ते! पण खळगी पडलेला माल बाद. मी केळी पुसून सरकवते आणि समोर वहिनी, तुझी सून, ती तपासून पेटीत भरते. तू गेल्यापासून विहिरीच्या वाटेच्या वादावरून आम्ही बोलत नाही. अंगण असतं तर दोन दिवसांत कडाकडा भांडून मोकळ्या झालो असतो. मास्क लावून कसं भांडायचं गं?

काल मी एक केळं अंगठ्याने चांगलं दाबलं आणि पुढे सरकवलं. वहिनी थांबली. ते हातात घेऊन तिने माझ्याकडे पाहिलं, नुसते डोळे दिसत होते. मग खळगी खाली करून केळं पेटीत ठेवलं. काम सुटल्यावर बघते तर रिक्षात तिने माझ्यासाठी जागा धरलेली. "बस," म्हणाली, "आयचा अंगठा मोठा होता."

हा कागद टपालाच्या कुठल्याच पेटीत पडायचा नाही, म्हणून तुला खरं सांगते. ओल बघायला नव्हतं दाबलं मी, भांडायला का होईना, वहिनीने तोंड उघडावं म्हणून दाबलं.