घरचं चेस्ट गार्ड

४ जानेवारी
आजपासून कराटे. संध्याकाळची, मोठ्यांची बॅच. हिलाही घातलं. एकटी घरी बसून काय करणार? शिवाय मी पुढे गेल्यावर घरी सरावाला कुणीतरी लागेलच. कारखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं : मार्चमध्ये परीक्षा, त्या दिवशी सुट्टी, मी पिवळा पट्टा घेताना बघायला यायचं. आधी बोलायचं, मग माणूस झक मारत करतो. गाद्यांचा धंदाही असाच बोलून उभा केला.

६ जानेवारी
खेळाच्या दुकानात गेलो. छातीवर बांधायचं चेस्ट गार्ड अंगठ्याने दाबून पाहिलं. फोम दबला तो वर यायचं नाव घेईना. दुकानदार म्हणाला, इंपोर्टेड आहे. म्हटलं, मरगळही इंपोर्टेड दिसतेय. उभा जन्म फोम दाबण्यात गेला आणि हा मला शिकवतोय. हेड गार्ड, नडगीचं शिन गार्ड, हातमोजे आणि दातांचं माउथ गार्ड घेतलं. चेस्ट गार्ड घरचं करणार.

७ जानेवारी
माउथ गार्ड गरम पाण्यात बुडवून चावायचं, म्हणजे ते दातांचा आकार घेतं. पाणी जरा जास्त उकळलं. गार्डने आकार घेतला, पण पातेल्याचा. हिचं एका फटक्यात जमलं. हिचं पातेलं वेगळं होतं.

१२ जानेवारी
आमच्या शिलाईवाल्या मास्तरांनी चेस्ट गार्ड शिवून दिलं. वर मऊ, मध्ये कडक, आत पुन्हा मऊ. मास्तर म्हणाले, शेठ, यात वाकता येणार नाही. म्हटलं, कराटेत वाकतंय कोण!

१३ जानेवारी
सुरुवातीलाच वाकून नमस्कार करतात. मी मानेने केला. सरांनी चालवून घेतलं.
बॅचमधल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला ठोसा मारला. कळलाही नाही. त्या म्हणाल्या, अय्या, हाताला अजिबात लागत नाही. मग एकेक जण येऊन मारून गेला. एवढं कौतुक गाद्यांच्या प्रदर्शनातही झालं नव्हतं. सर म्हणाले, काका, उद्यापासून तुम्ही भिंतीपाशी उभे राहत जा. नव्या माणसाला स्वतंत्र जागा! नजर लागते माणसाची.

२ फेब्रुवारी
बाकीचे रांगेत उभे राहून काता घोकतात. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने हात, पाय, गिरकी. मला सर त्या रांगेत घेत नाहीत. हुशार पोराला गुरुजी पाढे म्हणायला लावत नाहीत, तसंच हे. मग सगळे माझ्यासमोर रांग लावतात. हीसुद्धा. हिचा ठोसा फार सुधारलाय. समोर मी आहे ना.

१४ फेब्रुवारी
जेवताना ही म्हणाली, अहो, एखादा काता तरी शिकून घ्या. म्हटलं, नवशिक्यांनी असल्या काळज्या कराव्यात. म्हणाली, आपण एकाच दिवशी सुरुवात केली. म्हटलं, तारखा मोजणाऱ्यांची प्रगती होत नाही.

२८ फेब्रुवारी
आज लाथा. मागे पडलो. गार्डमुळे उठता येईना. पालथं कासव परवडलं, मी उताणा होतो. दोघांनी धरून उभं केलं. सर म्हणाले, काका, तुम्ही नसता तर या बॅचचं कसं झालं असतं! परीक्षकाच्या तोंडून असं निघालं म्हणजे पट्टा घरात आला. तरी उद्या गच्चीवर, गार्ड न घालता, एक काता बसवायचाच.

१ मार्च
गच्चीवर ऊन.

१५ मार्च, दुपार
परीक्षा झाली. कारखाना बंद. आमची सगळी माणसं पहिल्या रांगेत.
आधी प्रत्येकाने मला मारून दाखवलं. मग कातासाठी नावं पुकारली. माझं आलं नाही. वाटलं, शेवटी ठेवलं असेल. शेवटीही नाही. मीच पुढे गेलो. सर जरा अवघडले. म्हणाले, बरं काका, गार्ड काढा आणि पहिला काता दाखवा.
मास्तरांनी बंद सोडले. एकदम गार वाटलं. मध्ये जाऊन नमस्कार केला, चांगला कमरेतून. पुढचं आठवेना. आठवायला काही नव्हतंच. सवयीने छाती पुढे काढून उभा राहिलो. कुणी मारलं नाही. पुन्हा नमस्कार केला आणि बाहेर आलो. आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, एवढंच असतं.
पिवळा पट्टा हिला. हिने तो घडी करून पिशवीत ठेवला, अंगावर मिरवला नाही. त्यापेक्षा मिरवला असता तर बरं.

१७ मार्च
सर कारखान्यात आले. वाटलं, फेरपरीक्षा. पण चेस्ट गार्डचीच तारीफ करत बसले. म्हणाले, असं अजून एक द्या, क्लासमध्ये कायमचं ठेवतो, म्हणजे तुम्हालाही रांगेत उभं राहता येईल. मास्तर टेप घेऊन माझ्या छातीचं माप घ्यायला लागले. सर म्हणाले, माप कशाला, यात माणूस नसणार. मास्तरांनी विचारलं, मग आत भरू काय? सर म्हणाले, काहीही भरा. नुसतं उभं राहिलं की झालं.