नऊ दिवसांची यशोगाथा

प्रिय धाकटे,

तुझा निरोप मिळाला. तुझ्या पाळणाघराशेजारच्या शिंपीणबाईंची मुलगी पदवी घेऊन घरी बसली आहे, तिला समाजसेवेच्या क्षेत्रात करिअर करायचंय, आणि ‘माझी ताई त्यात केवढी मोठी झाली, तीच सांगेल’ असं तू तिला छातीठोकपणे सांगून टाकलंस. तुझं हे असंच. शाळेत मी तिसरी आले तरी तू ‘ताई पहिली आली’ म्हणून गल्लीभर सांगत सुटायचीस. तेव्हा सांगते बाई, कसं मोठं व्हायचं ते सगळं सांगते.

तिला म्हणावं, आधी शब्द शिकून घे. काम नंतर शिकलीस तरी चालेल, नाही शिकलीस तरी कुणाचं काही अडत नाही. मी आपल्या संस्थेत लागले तेव्हा वस्तीतली माणसं ‘गरजू’ होती. मग ती ‘लाभार्थी’ झाली. गेल्या वर्षी एका कार्यशाळेत ठरलं की लाभार्थी म्हणण्यात त्यांचा अपमान होतो, यापुढे ‘भागीदार’ म्हणायचं. थंडगार हॉलमध्ये दोन दिवस यावर काथ्याकूट चालला होता आणि त्यात भागीदार म्हणावा असा एकच माणूस होता, तो चहाचे कप उचलत होता.

मग बाहेरून तज्ज्ञ येतात. तुझ्याकडे आल्या होत्या त्या आठवतात? त्यांनी भिंतीवर कागदाचं झाड चिकटवलं आणि कामाचा खाडा करून आलेल्या बायकांच्या हातात रंगीत चिठ्ठ्या देऊन म्हणाल्या, अडचणी लिहा आणि मुळापाशी लावा. कुणीतरी लिहिलं, नळाला पाणी नाही. बाई म्हणाल्या, हे तर नुसतं लक्षण झालं, मूळ कारण शोधा. तेव्हा तुझ्याकडे पोर ठेवणारी ती इस्त्रीवाली म्हणाली होती, मूळ कारण म्हणजे टाकी रिकामी आहे. तू तोंडात पदर कोंबून हसत होतीस. मी मात्र अहवालात ‘महिलांमध्ये कारणमीमांसेची क्षमता विकसित झाली’ असं लिहिलं. त्या बायका इतक्या तरबेज झाल्या आहेत की कॅमेरा दिसला की त्या आपणहून विचारतात, या वेळी हसायचं की रडायचं?

आणि आमचे संचालक कळवळेसाहेब! हे त्यांचं नाव नाही, लक्षण आहे. देणगीदारांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात त्यांचा गळा बरोबर सातव्या मिनिटाला दाटून येतो. माईकवाल्यालाही आता ते ठाऊक झालंय, तो तेवढ्यापुरता आवाज वाढवतो. तुझ्या पाळणाघरात हा माणूस अकरा वर्षांत तीनदा आला आणि तिन्ही वेळा बूट न काढता पोरांच्या सतरंजीवरून चालत गेला. नंतर सतरंजी धुवावी लागते म्हणून तू करवादली होतीस.

पण साहेबांना हसण्यात काय अर्थ आहे? त्यांच्या गळ्यात जे दाटतं ते मी लिहिलेलं असतं. आपण दोघी एकाच दिवशी पाळणाघरात कामाला लागलो. मी सात महिने टिकले. मला त्या खोलीचा वास सहन व्हायचा नाही, पोरं रडायला लागली की माझं डोकं उठायचं. मग एका दुपारी मी इस्त्रीवालीच्या थोरल्या पोरीवर एक पानभर मजकूर लिहिला, तो वाचून देणगीदारांपैकी कुणीतरी रडलं, आणि मला मुख्य कार्यालयात खुर्ची मिळाली. तू तिथेच राहिलीस. सव्वीस पोरं, दोन पाळणे, आणि कुणाला खोकला आहे, कोण आज जेवलं नाही याची ती तुझी वही. तू म्हणायचीस, ताई, मी पोरांचे लाड करते, तू कागदाचे कर. मला ते फार लागायचं, कारण ते खरं होतं.

आता कामाचं सांगते. आमच्या वार्षिक अहवालात एक प्रश्न असतो, मदत थांबल्यावर हे काम कोण चालवेल? या क्षेत्रातला प्रत्येकजण त्याचं एकच उत्तर लिहितो, ‘वस्तीतल्या महिला स्वतः चालवतील’. ते लिहिणाऱ्याला खरं वाटत नाही आणि वाचणाऱ्यालाही वाटत नाही. मदत थांबणार नसते, आणि हे वाक्य लिहिलं नाही तर ती मिळत नाही. दहा वर्षं मी ते मागच्या अहवालातून उचलून पुढच्यात टाकत आले. या वर्षी मला वाटलं, जरा जीव ओतावा. वरची जागा रिकामी होणार होती.

गेल्या पावसाळ्यात तू तापाने फणफणलीस आणि नऊ दिवस पाळणाघरात जाऊ शकली नाहीस. पोरं कुठे ठेवायची म्हणून चार आया आळीपाळीने कामावर दांड्या मारून तिथे बसल्या. त्या नऊ दिवसांत त्यांतल्या इस्त्रीवालीची दोन गिऱ्हाईकं तुटली, आणि त्या धाकट्या स्वयंपाकीणबाईंना तर कामावरूनच काढून टाकलं. मी सफरचंदं घेऊन तुला बघायला आले होते. जाताना पाळणाघरात डोकावले आणि त्या चौघींचा फोटो काढला. हसा म्हणाले, त्या हसल्या. त्या फोटोखाली मी दोन पानं लिहिली, की या चौघी आता पाळणाघर स्वतः चालवतात आणि तू आठवड्यातून एकदा मार्गदर्शनाला येतेस. तू त्या वेळी घरी पडून होतीस, घोटभर पाणीसुद्धा तुझ्या पोटात ठरत नव्हतं.

देणगीदार संस्थेत एक नवी अधिकारीबाई आली आहे. तिने तो अहवाल वाचला आणि तिचा त्यावर विश्वास बसला. असं आजवर कधी झालं नव्हतं गं! तिने अतिशय आनंदाने कळवलं, की हे पाळणाघर स्वतःच्या पायावर उभं राहिलंय, तेव्हा महिनाअखेरीपासून इथली मदत थांबवून ती जिथे खरी गरज आहे तिथे वळवावी. भाडं, दूध, तुझा पगार, सगळं. साहेबांनी मान डोलावली, कारण नाही म्हणायचं तर अहवाल खोटा होता हे कबूल करावं लागलं असतं. मला वरची जागा मिळाली. केबिनला काचेचं दार आहे. त्यात मला माझं तोंड दिसतं आणि मला स्वतःची शिसारी येते.

बुधवारी तुझा सत्कार आहे असं तुला कळवलंय ना? तो समारोप आहे. पत्रिकेच्या मसुद्यात ‘समारोप’च होतं, मी ते खोडून ‘सत्कार’ केलं, म्हणजे तू आनंदाने येशील. ती अधिकारीबाई तुला स्मृतिचिन्ह देईल, त्या चौघींच्या हातात किल्ली देईल, आणि सगळे टाळ्या वाजवतील. पुढच्या सोमवारी त्या कामावर जातील तेव्हा सव्वीस पोरं घरात कुलपाच्या आत किंवा रस्त्यावर असतील.

मी हे तुला फोनवर सांगू शकले असते. तू रडली असतीस, मग मला माफ केलं असतंस, आणि ताईची नोकरी जाऊ नये म्हणून बुधवारी मान खाली घालून ते स्मृतिचिन्ह घेतलं असतंस. तुला मी पुरती ओळखते. त्या अधिकारीबाईला मी स्वतः तीनदा मेल लिहिली आणि तिन्ही वेळा खोडली, तेव्हा मला तर मी त्याहून चांगली ओळखते. म्हणून हे कागदावर, माझ्या हाताने, खाली पदासकट सही करून पाठवते आहे. बुधवारी टाळ्या वाजायच्या आधी हे त्या बाईच्या हातात दे. तिने ते सगळ्यांसमोर वाचलं तरी चालेल, साहेबांचं काही वगळायचं नाही आणि माझंही नाही. आणि तोवर मला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी म्हणेन, राहू दे, नको देऊस, आणि तू माझं ऐकशील.

तुझीच,
ताई
प्रमुख, विकास आणि लोकसहभाग विभाग